कॉल संपला, हुकूम चालूच

"मॅडम, आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले मी. मी कसा फसलो?"

निवृत्त लेखापरीक्षक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बसल्या बसल्या त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, आणि तो थरथरला की तेही दचकायचे.

प्रकार आता ओळखीचा झालेला. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला 'अधिकारी', मग 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे कॉलवरच 'अटक', कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, तेव्हा यांनी ते ऐकलंही होतं. पण भीतीनं घेरलं की ऐकलेलं कुठलं आठवायला! पत्नी लेकीकडे गेलेली. दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसून यांनी ठेवी मोडल्या आणि 'पडताळणीसाठी' पैसे पाठवले.

त्याला नऊ दिवस झाले होते. तक्रार नाही. घरीही कुणाला पत्ता नाही.

"का नाही सांगितलं?"

"कुणाशी बोललात तर घरच्यांनाही आत टाकू, म्हणाले होते."

बोलता बोलता ते स्वतःच थबकले. मीही गप्प राहिले. कॉल कधीच संपला होता, हुकूम मात्र ते अजून पाळत होते. त्याला ते लाज म्हणत होते.

एरवी मी आधी माणसाला बोलू देते. इथे नाही. तिथूनच १९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावायला सांगितला. कोणत्या बँकेतून, किती वाजता, किती रक्कम, यूटीआर (म्हणजे त्या व्यवहाराचा) क्रमांक काय, असं सगळं विचारतात, म्हणून त्यांनी आधी कागदावर रकाने आखले. पहिली ओळ वेडीवाकडी आली. तिसऱ्या ओळीपासून अक्षर लेखापरीक्षकाचं झालं! तक्रार क्रमांक मिळाला, मग बँकेला लेखी कळवलं. चॅट आणि नंबर लाजेपोटी पुसायला निघाले होते, ते थांबवलं. पुरावा तोच असतो.

पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतल्या खात्यांत गोठवता येतात. नऊ दिवसांनी आशा कमी, हे मी लपवलं नाही. खोटा धीर देणं मला जमत नाही, आणि यांना तो चाललाही नसता.

पुढच्या भेटीत नवीनच. कुणी 'वकील' फोन करत होता: आधी फी भरा, सगळी रक्कम परत आणतो. ही दुसरी फसवणूक. फसलेल्यांचे नंबर या टोळ्यांमध्ये विकले जातात. या वेळी मात्र त्यांनी पैसे भरायच्या आधी मला विचारलं.

पत्नीला सांगायचं राहिलंच होतं. ते माझ्यासमोर झालं. ते खाली बघत आकडा बोलले. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ते दोन दिवस जेवलात काय हो तुम्ही?"