आईच्या कमरेतला मणका सरकलाय, स्क्रू टाकून ऑपरेशन करावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६३, एल४-एल५ चा (कमरेतला चौथा-पाचवा) मणका पुढे सरकलाय, ग्रेड १, दहा मिनिटं चाललं की दोन्ही पाय भरून येतात आणि डॉक्टरांनी स्क्रू-रॉड टाकून फ्यूजन, म्हणजे दोन मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन, सांगितलंय. मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरात हे दोनदा झालंय, आधी मावशीचं मग आईचं, त्यामुळे थोडी लांबड लावतो.

ग्रेड १ म्हणजे मणका पाव भागापेक्षा कमी सरकलाय. वयानुसार गादी आणि मागचे सांधे झिजतात म्हणून होतं हे, बायकांमध्ये जास्त आणि बहुतेक वेळा ह्याच जागी. नुसता रिपोर्ट बघून कोणी ऑपरेशन करत नाही, त्रास किती आहे ते बघतात. आमची आई भाजी आणायला निघाली की वाटेतल्या प्रत्येक कट्ट्यावर बसायची, बसलं किंवा पुढे वाकलं की दोन मिनिटांत बरं, परत चाललं की परत तेच. हे नस दबल्याचं लक्षण, आणि ऑपरेशनचा खरा फायदा ह्या पायाच्या दुखण्याला होतो. कमरेच्या दुखण्याची खात्री कोणी देत नाही. आईचे पाय मोकळे झाले, कंबर अजून कुरकुर करतेच.

आता स्क्रूचं. पहिल्या डॉक्टरांनी झोपून काढलेला एमआरआय बघितला आणि लगेच फ्यूजन म्हणाले. दुसऱ्यांनी उभं राहून, पुढे वाकून, मागे वाकून असे एक्सरे काढायला लावले, कारण मणका हलतोय का ते झोपून कळत नाही. आईचा जवळजवळ हलत नव्हता, म्हणून फक्त मागचं हाड थोडं काढून नस मोकळी केली (ह्याला डिकंप्रेशन म्हणतात), स्क्रू नाहीत. नॉर्वेमध्ये २६७ पेशंटवर हीच तुलना झाली होती, २०२१ ला छापून आली, दोन वर्षांनी चांगला आराम पडलेले नुसत्या डिकंप्रेशनमध्ये ७१ टक्के आणि फ्यूजनमध्ये ७३, म्हणजे सारखंच. परत ऑपरेशन लागलेले मात्र पहिल्यात थोडे जास्त, १२-१३ टक्के, दुसऱ्यात ९. त्यामुळे फ्यूजन म्हणजे फसवणूक असं अजिबात नाही हां, मावशीचा मणका वाकल्यावर चांगलाच हलत होता, तिला स्क्रू लागलेच.

मावशीची गंमत वेगळीच. स्क्रू फक्त धरून ठेवतात, खरं जोडायचं काम हाड करतं आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. तंबाखूने ते हाड नीट जुळत नाही. डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं तर मावशी ठामपणे नाही म्हणाली, मिश्री तिच्या हिशोबात तंबाखू नव्हतीच! नंतर बंद करायला लावली, दोन महिने सगळ्यांवर चिडचिड. तुमच्याकडे असेल तर आधीच सांगा, आणि हाडांची घनता तपासलीय का तेही विचारा, ठिसूळ हाडात स्क्रू ढिले होतात.

ग्रेड १ ला सहसा घाई नसते, व्यायाम, गोळ्या, लागलं तर मणक्यातलं इंजेक्शन, दोन-तीन महिने देऊन बघतात. पण लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर दुसऱ्या मताच्या नादी न लागता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

वाकवून काढलेले एक्सरे झालेत का तुमच्या आईंचे? त्यात काय आलंय ते टाका इथे.