कृष्णधवल केले की दगड करडा का होतो?

प्रश्न : मी दर रविवारी सकाळी सात वाजता, गर्दी सुरू होण्याआधी, ओव्हल मैदानावर जाऊन मुंबई उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर यांची छायाचित्रे काढतो. रंगीत छायाचित्रे बरी वाटतात, पण कृष्णधवल केली की सगळे करडे आणि सपाट दिसते. उशिरा जावे तर माणसे आणि वाहने मध्ये येतात. काय करावे? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : तुमचे उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, ते म्हणजे ‘सकाळी सात’. या दोन्ही इमारतींची ओव्हलकडील बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी सूर्य त्यांच्या पाठीशी असतो आणि तुम्ही टिपता ती बाजू पूर्ण सावलीत राहते. रंगीत छायाचित्रात दगडाचा रंग ही उणीव झाकतो. रंग काढून घेतला की उरतो केवळ उजेड-सावलीचा फरक, आणि तोच तेथे नसतो. सकाळची वेळ मैदानाच्या दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींसाठी ठेवा, कारण त्या पूर्वाभिमुख आहेत. टॉवरसाठी डिसेंबर-जानेवारीत दुपारी दोन ते साडेतीनच्या सुमारास जा. तेव्हा सूर्य नैऋत्येला, म्हणजे टॉवरकडे तोंड केल्यास तुमच्या उजव्या हाताला असतो; तिरप्या उन्हात कमानींच्या कडांची, खांबांची आणि कोरीवकामाची सावली डावीकडे पडते आणि दगडाला खोली येते.

दगडाचाही विचार करावा लागेल. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा आहे, तर शेजारचे उच्च न्यायालय काळ्या बेसाल्टचे. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले मूळ चित्र) कृष्णधवल करताना पिवळा आणि नारिंगी रंग थोडा उजळ केलात तर टॉवर उठून येतो आणि न्यायालय जवळपास होते तसेच राहते. दोन्ही एकाच चौकटीत घेतल्यास हा फरक फार देखणा दिसतो. लाल फिल्टर लावून आकाश गडद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यासाठी आकाश मुळात निळे असावे लागते. एका एप्रिलमध्ये मी तो फिल्टर लावून दुपारभर तेथे उभा होतो आणि मुंबईचे पांढुरके आकाश पांढुरकेच राहिले.

आता गर्दीविषयी. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची गडद काच, प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणजे १/२५० सेकंदाचे शटर ४ सेकंदांवर जाते आणि चालणारी माणसे पुसट होतात. मात्र समुद्राच्या वाऱ्यावर हलणाऱ्या माडांच्या झावळ्याही त्यात विरघळतात. त्यापेक्षा कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून दहा-दहा सेकंदांच्या अंतराने पंधरा-वीस चित्रे घ्या आणि संगणकावर त्यांचे मीडियन पद्धतीने, म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी सर्व चित्रांतले मधले मूल्य घेऊन, एकत्रीकरण करा. जागा बदलणारे सारे निघून जाते. स्थिर बसलेला माणूस मात्र कोणत्याही पद्धतीने जात नाही. छायाचित्रणाचा आद्य प्रवर्तक फ्रेंच कलावंत दागेर याने १८३८ साली पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले तेव्हा दीर्घ एक्स्पोजरमुळे सारी रहदारी नाहीशी झाली आणि उरला तो बूट पॉलिश करून घेत उभा असलेला माणूस.

माझे मत विचाराल तर ओव्हलवरून माणसे काढूच नयेत. काळसर न्यायालयापुढे पांढऱ्या कपड्यांतला गोलंदाज धावत येत असेल, तर कृष्णधवल छायाचित्राला याहून चांगले काय हवे?

प्रश्न : माझ्या चित्रांत टॉवर मागे कलल्यासारखा दिसतो. लेन्स सदोष आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लेन्स ठीक आहे, तुम्ही कॅमेरा वर उचलता. टॉवर सुमारे २८० फूट उंच आहे, म्हणून जवळ उभे राहू नका. मैदानाच्या पश्चिमेच्या कुंपणापाशी जा, कॅमेरा उभा धरून लेन्सचा रोख जमिनीला समांतर ठेवा आणि चौकटीत खाली येणारी जास्तीची हिरवळ नंतर कापून टाका.