बोलणं कागदावर आण

चि. सौ. भाचीस, अनेक आशीर्वाद.

वाचन-लेखनात अडखळणाऱ्या तुझ्या लेकीबद्दल प्राचार्या म्हणाल्या, 'इसे किसी स्पेशल स्कूल में देख लीजिए', आणि तू लगेच इंदूरभरच्या शाळांची यादी करायला बसलीस. ती यादी तूर्त राहू दे. त्या जे बोलल्या ते कुठेच लिहिलेलं नाही. आधी अर्ज दे, अमुक तारखेच्या भेटीत आपण असं सुचवलंत, त्याचं कारण लेखी कळवावं. तुझ्या प्रतीवर आवक शिक्का पडल्याशिवाय तिथून हलू नकोस. कारण लेखी मागितलं की पुष्कळांचा सूर तिथेच बदलतो.

2016च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याचं कलम 16 मान्यताप्राप्त खासगी शाळेलाही लागू आहे. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अशी अडचण, लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते उपाय करणं हे त्यात शाळेचं काम आहे. तेव्हा चौथीपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचा जाब तू द्यायचा नाहीस.

मागणी मात्र नेमकी हवी. 'लक्ष द्यावे' लिहिलंस तर 'देतो' म्हणतील, संपलं. वर्गात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावू नये, फळ्यावरचं छापून द्यावं, परिसर अभ्यास तोंडी तपासावा, शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत, असं लिही. महिन्याने यातलं काय झालं ते विचारता येतं. आणि पोर तोंडी हिशेब तुझ्याआधी करते, तेही लिही.

सासूबाई म्हणतील, अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राने पोरीवर शिक्का बसेल. बसू दे. सीबीएसईच्या दहावीत तासाला 20 मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक त्याशिवाय मिळत नाहीत. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्जही आताच भर.

भेटीला जावईबापूंना ने. एकटीने गेलं की 'मॅडम, आप इमोशनल हो रही हैं' ऐकावं लागतं, मलाही ऐकवलंय. बाप शेजारी नुसता बसला तरी हे वाक्य सहसा येत नाही. चीड येते, पण आधी पोरीचं काम होऊ दे. वर्गशिक्षिकेशी वाकडं घेऊ नकोस, रोजचा दिवस तिच्याच हातात आहे.

पंधरवड्यात उत्तर आलं नाही तर जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. तिथेही हललं नाही तर दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायची बैठक, असते. गर्दीत कहाणी ऐकायला कुणाला वेळ नसतो, म्हणून एकच पान आणि मागे शिक्क्याची प्रत.

सगळं हिंदीत द्यावं लागेल. आपल्या मराठी घरांत 'का-की'चे घोळ होतातच, मसुदा आधी मला पाठव.

तुझी मावशी