बदकं का पडत नाहीत?

प्रश्न : ताई, माळा आवरताना माझा लहानपणचा टीव्ही गेम सापडला. ‘९९९९ इन १’ची पिवळी कॅसेट आहे, बंदूकही आहे. नव्या एलईडी टीव्हीवर मारिओ झकास चालतो, पण एकही बदक पडत नाही. लेक हिरमुसलीय. बंदूक बिघडली असेल का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दादा, बंदूक खोलू नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा बंदुकांतल्या बऱ्याच ठणठणीत असतात. अडचण टीव्हीची आहे.

या बंदुकीतून काही सुटत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा छोटा भाग असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला त्याच क्षणी उजेड दिसला, तर नेम लागला. दोन बदकं असली की चौकोन एकापाठोपाठ एक येतात, त्यावरून कुठलं पडलं ते मशीनला कळतं. १९८४ च्या गेममधली ही करामत मला आजही थक्क करते! जुन्या डब्बा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर चित्र लगेच उमटतं. एलईडी टीव्ही मात्र आलेलं चित्र आधी स्वतःच्या पद्धतीनं तयार करतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात मशीननं ‘नेम चुकला’ असं ठरवलेलं असतं.

म्हणून जुना डब्बा टीव्ही शोधा. आपल्या पेठांत कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर तो असतोच. फक्त त्याचं मागचं झाकण काढू नका, बंद असला तरी आत जोराचा झटका बसेल एवढी वीज साठलेली असू शकते.

तुमचं मशीन म्हणजे जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. कॅसेटवरच्या ९९९९ आकड्यावर जाऊ नका, मोजकेच गेम नावं आणि लेव्हल बदलून पुन्हा पुन्हा येतात. पण ते मोजके गेम अस्सल सोनं आहेत. आपण ज्याला नुसतं ‘टँक’ म्हणायचो तो बॅटल सिटी दोघांनी मिळून खेळायचा, लेकीला शेजारी बसवा. आणि मारिओतले ढग व झुडपं तिला नीट बघायला सांगा. आकार एकच, रंग तेवढा वेगळा. अख्खा गेम ४० केबीत बसवायचा होता, म्हणून एकच चित्र दोनदा वापरलं. इतक्या कमी जागेत इतका मोठा खेळ उभा करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

कॅसेट लागली नाही तर आपण सगळे फुंकर मारायचो, ते आता नको. तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात, त्यात आपल्याकडचा पावसाळा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी भिजवून पिना पुसा, पूर्ण वाळू द्या.

अॅडॉप्टर जुना सापडला नसेल तर हाताला येईल तो लावू नका. मशीनवर व्होल्ट आणि अधिक-उण्याची खूण छापलेली असते, ती जुळवूनच घ्या. उलटा लागला तर मशीन जळू शकतं.