हिगुराशी 2006 पासूनच सुरू करा, ॲप काहीही म्हणो

‘हिगुराशी’ ही जपानी ॲनिमे भयकथा-मालिका बघायला घेतलीत नि तुमच्या दोन शंका आहेत. चौथ्या भागात मेलेली मुलं पाचव्या भागात हसतखेळत शाळेत आहेत, तर मधलं काही सुटलं का? आणि ॲपवर ‘सीझन 1’ म्हणून दिसतंय तेच पहिलं ना?

पहिलीचं उत्तर सोपं आहे. काही सुटलेलं नाही. हिनामिझावा गावातला जून 1983 पुन्हा सुरू होतो, आणि तो तसाच व्हायचा असतो. का, ते मी सांगणार नाही.

दुसरी शंका मात्र रास्त आहे, कारण त्याच पाटीने माझी वाट लावली. आधी तपशिलात साल बघा. 2006 असेल, 26 भाग असतील, चेहरे ओबडधोबड नि मधूनच वेडेवाकडे होत असतील, तर बिनधास्त पुढे चला. 2020 असेल नि चित्रं चकाचक असतील तर आत्ताच्या आत्ता बंद करा. ते ‘गोऊ’ आहे, आणि ते नवख्यांसाठी नाही.

घोळ मुळात निर्मात्यांनीच मुद्दाम घातलाय. गोऊ आणलं तेव्हा जुन्याचीच नवी आवृत्ती आहे असं भासवलं आणि दुसऱ्या भागाला खरं नाव उघड केलं. जुन्या प्रेक्षकांसाठी तो मस्त धक्का होता. पण टीव्हीवरचा तो डाव 2020 सालीच संपला, त्यानंतरही गोऊवर ‘सीझन 1’ची पाटी ठेवायचं ॲपला काय कारण? मी ज्या ॲपवर बघत होतो (नाव घेत नाही, उगाच वाद नको) तिथे 2006 ची मालिका खाली कुठेतरी वेगळ्या नावाने पडली होती. मी आपला अंधेरीहून घरी येताना लोकलमध्ये डाउनलोड केलेले गोऊचे भाग इमानदारीत बघतोय. जुनी मालिका जे गुपित ‘काई’पर्यंत, म्हणजे तिच्या पुढच्या मालिकेपर्यंत जपते, त्यातलं एक गोऊच्या दुसऱ्याच भागात येताजाता बोललं जातं. अठराव्या भागापासून तर काईच्या शेवटापुढचीच गोष्ट चालू होते. 50 भागांचं रहस्य माझ्यासाठी तिथेच फुटलं. नंतर जुनी मालिका बघितली, आवडलीही, पण कोण नि कशासाठी या प्रश्नात जी मजा असते ती गेली ती गेलीच.

चॅटवर तक्रार केली. आधी बॉट म्हणाला ॲप अपडेट करा. मग माणूस आला, त्याने कॅश क्लिअर करायला लावला. मी लिहिलं, अहो, व्हिडिओ नीट चालतोय, क्रम चुकलाय. त्यावर उत्तर: ‘सर, सीझन 1 हाच पहिला सीझन आहे. आणखी काही मदत करू का?’ तिकीट बंद, वर पाच तारे द्या म्हणून मेसेज! पैसे वर्षाचे आधीच कापलेले. असो.

क्रम म्हणजे प्रसारणाचाच. 2006 ची मालिका, मग 2007 ची काई (24 भाग), मग 2009 ची ‘रेई’. रेईच्या 5 भागांपैकी मधले 3 महत्त्वाचे, पहिला नि शेवटचा निव्वळ धिंगाणा. 2011 ची ‘किरा’ सोडून द्या. त्यानंतर वाटलं तर गोऊ, आणि 2021 ची ‘सोत्सू’. सोत्सूबद्दल माझं मत वाईट आहे. 15 भागांतला बराचसा वेळ गोऊतलंच दुसऱ्या बाजूने दाखवण्यात जातो. पण काहींना ती आवडते, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका.

कथेतल्या तारखांनुसार लावा असा शहाणपणा कोणी शिकवेल, तर ऐकू नका. चौदावा-पंधरावा भाग बराचसा 1978 मध्ये घडतो म्हणून तो आधी बघायचा, असं त्यांचं म्हणणं. बघा नि सांगा कशाचा काही संदर्भ लागतो का ते. हा मुळात 2002 पासून टोकियोच्या कोमिकेत या हौशी निर्मात्यांच्या मेळाव्यात खंडाखंडाने विकला गेलेला गेम. आधी प्रश्नांचे खंड आले, उत्तरांचे नंतर. मालिकेनेही तेच धरलंय. पाचव्या ते आठव्या भागात जे तुम्हाला अर्धवट दिसतं, त्याची दुसरी बाजू सोळाव्या ते एकविसाव्यात येते. मधलं काही गाळलंत तर ते जुळणार नाही.

त्या सोळा ते एकवीसबद्दल एक सूचना. नखांचा एक प्रसंग आहे. जेवताना नको, आणि लोकलमध्ये तर अजिबात नको. शेजारच्या काकू मोबाईलमध्ये डोकावतात, त्यांना गोल डोळ्यांच्या शाळकरी मुली दिसतात आणि पुढच्या मिनिटाला हे. दादरपर्यंत त्या माझ्याकडे जशा बघत होत्या, ते मला अजून आठवतंय. इंग्रजी सबटायटलवर जपानीतच बघा, आवाजातच निम्मी भीती आहे. आणि यूट्यूबवर नाव टाकून शोधू नका, थंबनेलवरच सगळं फोडून ठेवलेलं असतं.

ऑटोप्ले बंद करायला विसरू नका. सव्विसावा भाग संपला की ॲप आपल्या मनाने काहीही पुढे लावतं. काई बहुतेक वेगळी मालिका म्हणून असेल, नाव टाकून शोधावी लागेल. कुठल्या ॲपवर काय आहे हे सारखं बदलतं, त्यामुळे ती आज सापडली नाही तर थांबा, पण मधल्या काळात गोऊ लावू नका.