लिनक्सवर वायफाय जोडलेलं दिसतं, पण नेट मधूनच मरतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की उबुंटू टाकल्यापासून दर दहा-पंधरा मिनिटांनी नेट अडकतं, वायफायचं चिन्ह तेव्हाही पूर्ण भरलेलं असतं, वायफाय बंद-चालू केलं की गाडी पुन्हा सुरू होते, आणि त्याच खोलीत फोन मात्र व्यवस्थित चालतो. अगदी हाच त्रास मी जवळपास तीन महिने काढला. ऑफिसच्या कॉलमध्ये माझा चेहरा थिजायचा आणि पलीकडचे 'आवाज येत नाहीये' म्हणत बसायचे. मी राउटर बदलला, लिनक्स दोनदा नव्याने टाकलं, नेटवाल्या पोराला घरी बोलावून त्याच्याशी हुज्जतही घातली. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

म्हणून आधी काहीही बदलू नका. नेट नेमकं कुठे तुटतंय ते बघा. आणि फोनच्या साक्षीवर फार विसंबू नका. वायफाय रडायला लागलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. तपासताना त्याचा डेटा बंद ठेवा.

टर्मिनलच्या दोन खिडक्या उघडा. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा.) 'आयपी रूट' दिलं की 'डिफॉल्ट व्हाया' पुढे राउटरचा पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१ असा काहीतरी. एका खिडकीत त्याला पिंग लावा (म्हणजे 'आहेस का?' असं सतत विचारून उत्तराला किती वेळ लागतो ते बघणं), दुसरीत ८.८.८.८ ला (हा इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर), आणि आपलं काम करत राहा. नेट अडकलं की तिसरी खिडकी उघडून एखाद्या साइटच्या नावाला पिंग करा. हे तिसरं पिंग त्याच वेळी नव्याने द्यायचं, आधीपासून लावून ठेवायचं नाही. पिंग नावाचा पत्ता सुरुवातीलाच एकदा शोधून ठेवतं, त्यामुळे नंतर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) मेलं तरी ते आपलं मजेत चालू राहतं.

पहिल्या दोन्ही ठीक आणि फक्त नाव सापडत नसेल, तर डीएनएसचा घोळ. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ खाली डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करून १.१.१.१ (सगळ्यांसाठी खुला असलेला एक डीएनएस) टाका. राउटर उत्तर देतोय पण ८.८.८.८ गप्प आहे, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे. तेव्हा मात्र नेटवाल्याला खुशाल फोन करा.

माझ्याकडे पहिलीच खिडकी बिघडलेली होती. राउटर चार हातांवर, उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत यायला हवं. ते ३, मग ११०, मग २१४, मग ४, आणि मधेच दहा-बारा ओळी गायब. हे आकडे दिसले की पॉवर सेव्हवर संशय घ्या. वीज वाचवायला वायफाय कार्ड मधून मधून डुलकी काढतं. तोवर राउटर त्याच्यासाठी आलेली डेटाची पाकिटं राखून ठेवतो आणि 'तुझं टपाल आलंय' अशी हाळी सेकंदाला साधारण दहा वेळा देतो. म्हणून उशीर शंभर-शंभरच्या टप्प्यांनी वाढतो. कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) हाळी ऐकून नीट जागा झाला नाही, की नेट मेलं. चिन्ह मात्र भरलेलंच, कारण जोडणी कागदोपत्री शाबूत असते.

'आयडब्ल्यू डेव्ह' दिलं की 'इंटरफेस' पुढे कार्डाचं नाव दिसतं, उदाहरणार्थ डब्ल्यूएलपी२एस०. मग 'सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ'. पिंगचे आकडे तिथल्या तिथे सरळ झाले तर चोर सापडला. पण हे रीस्टार्ट करेपर्यंतच टिकतं. कायमचं करायला ईटीसी मधल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरात कॉन्फ.डी मध्ये 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' ही फाइल आहे, तिच्यात वायफाय.पॉवरसेव्ह = ३ असेल. तिथे २ लिहा. शून्य नको, मीही आधी तेच केलं होतं. शून्य म्हणजे 'बंद' नव्हे, 'जे मूळचं असेल ते'. मग नेटवर्कमॅनेजर (नेटच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, तेवढं सोसा.

कुणी ड्रायव्हर नेटवरून उतरवून घ्या म्हणेल, त्याचं लगेच ऐकू नका. ती विंडोजची सवय. लिनक्समध्ये बहुतेक वायफाय ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्डडिस्क चिकटून ठेवलेली असेल तर ती जरा लांब सरकवून बघा. तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. ५ गिगाहर्ट्झ मिळत असेल तर तिकडेच जा.

एवढं करूनही राउटरचं पिंग तुटत असेल, तर 'सुडो जर्नलसीटीएल -के -एफ' चालू ठेवा आणि नेट जाईल त्या क्षणी आलेल्या पाच-सहा ओळी इथे टाका. सोबत 'एलएसपीसीआय -एनएनके' मधला वायफाय कार्डाचा भागही. काही लॅपटॉपात कार्डाला दोन अँटेनांची सोय असून एकच जोडलेली असते, आणि ड्रायव्हर नेमका मोकळ्या तोंडाशी ऐकत बसतो. त्यावरही एका ओळीचा इलाज आहे, पण तो कार्डाचं नाव कळल्यावरच सांगता येईल.