क्वेरीचा उतारा किती, ते आधी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरपूरकडच्या शेतांत बसवलेल्या सेन्सरच्या नोंदींचं टेबल शंभर कोटी ओळींपुढे गेलंय, 'तापमान ४४ च्या वर कुठे आणि कधी गेलं' ही एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) तीन-चार मिनिटं घेते, आणि एसएसडीच्या (फ्लॅश चिपांवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कच्या) आतच डेटा गाळणारी उपकरणं निघालीत असं तुम्ही वाचलंत. ती घेतली तर काम होईल का?

होऊ शकेल. पण ते ठरतं तुमच्या क्वेरीवरून, उपकरणाचा नंबर नंतर.

तुम्ही खानदेशातले आहात, म्हणून कपाशीवरून सांगतो. माझे वडील धरणगावला एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सगळी सरकी. मुंबईच्या गिरण्यांना हवी असायची रुई, मग सरकीचं रेल्वेभाडं कोण भरणार? म्हणून जिन-प्रेस कापूस पिकतो तिथेच, आपल्याकडे उभ्या राहिल्या, आणि गिरणीला गेल्या त्या रुईच्या दाबलेल्या गाठी. आजही व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात पहिला हिशेब असतो तो उताऱ्याचा, म्हणजे शंभर किलोत रुई किती.

डेटाबेस मात्र बहुतेक वेळा अख्खा कापूसच गिरणीत नेतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस डिस्कवरून ८ केबीचं पान, म्हणजे ठरावीक आकाराचा तुकडा, उचलतो; मायएसक्यूएल या डेटाबेसचा साठवणीचा भाग, इनोडीबी, १६ केबीचं. ते पान केबलवरून मेमरीत येतं, मग प्रोसेसर एकेक ओळ पाहतो आणि नको ती टाकून देतो. तुमचाच हिशेब करू. ओळ सरासरी १०० बाइटची धरली तर शंभर कोटी ओळी म्हणजे १०० जीबी. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, म्हणजे नुसतं वाचायलाच तीन मिनिटं. तुमची तीन-चार मिनिटं इथेच गेली. आणि हजारात एक ओळ अटीत बसत असेल, तर त्या १०० जीबीतलं कामाचं निघालं फक्त १०० एमबी.

डेटा जिथे पडलाय तिथेच गाळायचा, ही कल्पना या आकड्यांतूनच येते. एसएसडीच्या आत फ्लॅशच्या चिपा अनेक चॅनलवर बसवलेल्या असतात आणि सगळ्या मिळून बाहेरच्या केबलला झेपेल त्याहून जास्त डेटा देऊ शकतात. अडतं ते दारात. आतल्याच छोट्या प्रोसेसरने किंवा एफपीजीएने (हव्या त्या कामासाठी जुळवून घेता येणाऱ्या चिपने) अट तपासली, तर दारातून फक्त रुई बाहेर येते. २०१३ साली सॅमसंगच्या एका प्रायोगिक एसएसडीवर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या काही क्वेऱ्या अशा चालवून पाहिल्या गेल्या, तेव्हा वेग जास्तीत जास्त २.७ पट वाढला. इतर क्वेऱ्यांत तेवढाही वाढला नाही याचं मोठं कारण उपकरणाच्या आतला प्रोसेसर: तो साधा असतो, आणि ओळी उलगडून तपासताना तोच दमतो. पुढच्या उपकरणांत एफपीजीए आला तो यासाठीच.

बाजारात हे मोठ्या प्रमाणावर चाललं ते मात्र एसएसडीच्या आत नाही, स्टोरेज सर्व्हरमध्ये. नेटिझा या कंपनीने डिस्कशेजारी एफपीजीए बसवला होता. ओरॅकलने २००८ मध्ये एक्साडेटा ही डेटाबेससाठीची तयार यंत्रणा आणली, त्यातला 'स्मार्ट स्कॅन' स्टोरेजमध्येच ओळी आणि स्तंभ गाळून उरलेलं तेवढंच डेटाबेस सर्व्हरकडे पाठवतो. मूळ कल्पना तर १९७० च्या दशकातली आहे. डिस्कच्या प्रत्येक ट्रॅकला स्वतःचा छोटा प्रोसेसर द्यायचा, अशा खास यंत्रांचे, म्हणजे 'डेटाबेस मशीन'चे, प्रयोग तेव्हा झाले. १९८३ मध्ये बोराल आणि डेविट या संशोधकांनी 'डेटाबेस मशीनची वेळ निघून गेली का?' असा प्रश्न करणारा शोधनिबंध लिहिला. प्रोसेसर झपाट्याने वेगवान होताहेत, डिस्क तेवढ्या वेगाने डेटा देत नाहीत, मग डिस्कपुढे प्रोसेसरची रांग लावून उपयोग काय, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो आजही पटतो, त्या काळापुरता. फ्लॅश आलं आणि उपकरणाच्या आत वेग वाढला, म्हणून जुना प्रश्न पुन्हा उघडला.

मग सगळेच हे का वापरत नाहीत? कारण जिनमध्ये कापूस ओळखू येतो, एसएसडीला ओळ ओळखू येत नाही. तिला फक्त क्रमांक दिलेले ठोकळे माहीत. टेबल कुठल्या फाइलीत आहे, ती फाइल कुठल्या ठोकळ्यांत पसरली आहे, पानात ओळ कुठे सुरू होते, तापमानाचा स्तंभ कितव्या बाइटवर आहे, हे सगळं तिला कोणीतरी सांगावं लागतं. डेटा एन्क्रिप्ट केलेला असेल तर किल्लीही द्यावी लागते. रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीत) एकच फाइल चार डिस्कवर वाटली गेली असेल, तर एका डिस्कला पूर्ण चित्र दिसतच नाही. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट: नुकताच बदललेला डेटा डेटाबेसच्या मेमरीत असतो, डिस्कवर अजून जुनंच पान असतं. एसएसडीने डिस्कवरचं पाहून उत्तर दिलं तर ते वेगवान असेल, पण चुकीचं असेल. म्हणून डेटाबेसमध्येच बदल केल्याशिवाय हे जमत नाही. नुसतं उपकरण आणून साध्या पोस्टग्रेसखाली लावलं तर ते साध्या एसएसडीसारखंच वागेल. तुमचा पैसा वाचावा म्हणून हे स्पष्ट सांगतोय.

आता तुम्ही काय करावं. क्वेरी 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' लावून चालवा, सोबत 'बफर्स' हा पर्याय द्या. फिल्टरने किती ओळी बाद केल्या आणि किती उरल्या, हे पोस्टग्रेस छापून देतो. तो तुमचा उतारा. किती पानं डिस्कवरून आली आणि किती मेमरीत आधीच होती, हेही तिथेच दिसतं. शंभरातल्या चाळीस ओळी उरत असतील, तर कुठेही गाळा, अडीच पटीपुढे फायदा नाही. पानं मेमरीतूनच येत असतील तर स्टोरेजला हात लावूच नका. हजारात एक उरत असेल तरच पुढे वाचा.

उतारा इतका कमी असेल, तर नको तो डेटा वाचायचाच नाही हा उपाय गाळण्याहून स्वस्त आहे. मी जळगावात रावेर-यावल पट्ट्यातल्या हवामान यंत्रांच्या नोंदी सांभाळतो. केळीला थंडीही मारते आणि मे महिन्यातलं ऊनही, त्यामुळे आमच्या क्वेऱ्या तुमच्यासारख्याच असतात. आम्ही टेबल महिन्यावार पार्टिशन केलं, म्हणजे त्याचे तुकडे पाडले, आणि तापमानाच्या स्तंभावर ब्रिन इंडेक्स टाकला. हा इंडेक्स दर १२८ पानांच्या ठोकळ्यामागे, म्हणजे दर एमबीमागे, फक्त सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किंमत लिहून ठेवतो. एक्साडेटाचा 'स्टोरेज इंडेक्स' हेच करतो. आपल्याकडे ४४ च्या वरचा पारा एप्रिल-मे-जूनच्या दुपारीच चढतो, त्यामुळे नोंदी वेळेच्या क्रमाने पडत गेल्या असतील तर हिवाळ्याचे आणि रात्रीचे ठोकळे न उघडताच वगळले जातात.

पहिल्या दिवशी मात्र काहीच फरक पडला नाही. दोन दिवस शोधल्यावर कळलं, काही यंत्रांतला डीएस१८बी२० हा सेन्सर वीज जाऊन आली की पहिली नोंद ८५ अंशांची देतो. ती त्याची ठरलेली सुरुवातीची किंमत आहे, तापमान नव्हे. आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. जवळजवळ प्रत्येक ठोकळ्यात एखादं ८५ बसलं होतं, म्हणून प्रत्येक ठोकळ्याची कमाल किंमत ८५, आणि एकही वगळता येत नव्हता. ते ८५ आत येतानाच काढायला लागलो, जुन्या नोंदी साफ केल्या, इंडेक्स नव्याने बांधला. नंतर जी क्वेरी लावून चहाला जायचो, ती कप हातात येण्याआधी संपू लागली. साफ करणं शक्य नसेल तर पोस्टग्रेस १४ पासून ब्रिनमध्ये 'मिनमॅक्स मल्टी' हा प्रकार आहे. तो एका ठोकळ्यासाठी अनेक पल्ले ठेवतो, त्यामुळे एखादं भटकं ८५ सगळं बिघडवत नाही.

जुनी वर्षं पार्केट या फाइल प्रकारात हलवता आली तर हलवा. त्यात स्तंभ वेगवेगळे साठवतात आणि प्रत्येक गटाची किमान-कमाल किंमत फाइलीतच असते, म्हणजे तापमान हवं असताना आर्द्रता आणि वारा वाचावा लागत नाही. मात्र अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर फाइल तिथेच गाळून देणाऱ्या एस३ सिलेक्टवर विसंबून काही बांधू नका, २०२४ पासून ते नव्या ग्राहकांना मिळत नाही.

एवढं करूनही वेळ केबलवरच जात असेल, तर उपकरणांचा विचार जरूर करा. 'एक्सप्लेन'चं आउटपुट आणि टेबलची रचना इथे टाका, शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर काढून. मी पाहून सांगतो.